जिवंत पेशीतले चरबीचे थेंब दिसत नाहीत, नुसतं हिरवं धुकं दिसतं: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

हे टिपण बोडिपी ४९३/५०३ आणि नाईल रेड या दोन डायबद्दल, म्हणजे चरबीत शिरून चमकणाऱ्या रंगांबद्दल, आहे. पेशीत चरबी साठवणारे थेंब, म्हणजे लिपिड ड्रॉपलेट, जिवंत पेशीत बघायला आमच्याकडे हेच दोन वापरतात. मायक्रोस्कोपची खोली सांभाळते त्यामुळे एकच तक्रार घेऊन येणारी मुलं मी वर्षानुवर्षं बघते आहे. प्रत्येकाला वाटतं की आपलाच प्रयोग बिघडला. बिघाड बहुतेक वेळा त्याच पाच-सहा जागी असतो.

लक्षणं

सगळ्यात जास्त वेळा येणारं लक्षण: अख्खी पेशी सारखीच हिरवी. केंद्रकाच्या जागी गडद भोक, बाकी सगळं धुकं, आणि त्या धुक्यात थेंब डोळे ताणून शोधावे लागतात.

दुसरं: ठिपके भरपूर, पण पेशींच्या बाहेरही, अगदी नुसत्या काचेवरही. आकार वेडेवाकडे, चमक डोळ्यात खुपणारी.

तिसरं: काहीच नाही. मग गेन, म्हणजे डिटेक्टरची संवेदनशीलता, वाढवत न्यायचा, आणि शेवटी जे दिसतं ते पेशीचं स्वतःचं मंद चमकणं असतं.

चौथं: पहिल्या फोटोत थेंब सुरेख, पाचव्या मिनिटाला फिके, थोड्या वेळाने पेशीच्या कडांना फुगे आलेले.

पाचवं: हिरव्या चॅनलमधले थेंब लाल चॅनलमध्येही जसेच्या तसे. हे लक्षण सगळ्यात घातक, कारण ते बिघाडासारखं दिसतच नाही. छान निकाल आल्यासारखं दिसतं.

सहावं: थेंब गोल नाहीत. शेपूट फुटल्यासारखे, किंवा एकाचे दोन झालेले.

यातलं तुमचं कोणतं ते आधी वहीत लिहून ठेवा. दोन-दोन लक्षणं एकदम असतील तर दोन्ही लिहा. "नीट येत नाहीये" एवढंच घेऊन सुरुवात केली तर दिवस जातो.

आधी एक गोष्ट समजून घ्या

हे डाय थेंब ओळखत नाहीत. ते तेल ओळखतात. थेंबाच्या गाभ्यात ट्रायग्लिसराइड आणि स्टेरॉल एस्टर असतात, भोवती फॉस्फोलिपिडचा एकच पदर असतो, आणि त्या पदरावर पेरिलिपिनसारखी प्रथिनं बसलेली असतात. बोडिपी ४९३/५०३ यातल्या कुठल्याही प्रथिनाला चिकटत नाही. पाण्यात त्याला करमत नाही म्हणून तो जिथे तेल मिळेल तिथे जातो. थेंबात तेल सगळ्यात जास्त, म्हणून तिथे सगळ्यात जास्त जमतो. पण पेशीत पटलंही खूप असतात. एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम तर पेशीभर पसरलेलं असतं, आणि तेही तेलकटच.

म्हणजे चित्र चांगलं येणार की नाही हे डाय किती आणि तेल किती या हिशोबावर ठरतं. थेंब मोजकेच आणि डाय भरमसाठ असेल तर थेंब भरल्यावर उरलेला डाय पटलांत जाऊन बसतो. ते हिरवं धुकं म्हणजे हा उरलेला डाय. आणि नेमकं याच वेळी, "अंधुक येतंय" म्हणून, मुलं डाय दुप्पट करतात.

हा हिशोब डोक्यात ठेवला तर पुढच्या सगळ्या तपासण्यांचा क्रम आपोआप पटतो.

एक: फ्लुओरेसन्स बंद करा आणि साध्या प्रकाशात बघा

खर्च शून्य, वेळ एक मिनिट. तरी हे कुणी करत नाही.

चरबीच्या थेंबाचा अपवर्तनांक भोवतालच्या पेशीद्रवापेक्षा जास्त असतो. त्यामुळे फेज किंवा डीआयसीमध्ये, म्हणजे हाच फरक उजेड-अंधारात दाखवणाऱ्या साध्या प्रकाशाच्या पद्धतींत, मोठे थेंब कुठलाही डाय न घालता दिसतात. केंद्रकाच्या शेजारी मण्यांसारखा पुंजका असतो. फोकसचा स्क्रू किंचित पुढेमागे करा: मणी एकदा लख्ख चमकतात, एकदा काळे पडतात. एकदा हे नीट पाहिलंत की पुन्हा विसरणार नाही.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगी सकाळीच दारात उभी. "मॅडम, डाय खराब झालाय, नवीन मागवू का?" मी म्हटलं, "अगं, आधी फेजमध्ये बघ." बघितलं तर हेपजीटू (यकृताच्या कर्करोगापासून वाढवलेल्या) पेशी स्वच्छ, सपाट, एकही मणी नाही. डाय बिचारा ठीक होता. पेशींत साठाच नव्हता.

ही तपासणी महत्त्वाची, कारण इथे वाट दुभंगते. फेजमध्ये मणी आहेत आणि फ्लुओरेसन्समध्ये नाहीत, तर दोष डाय, फिल्टर किंवा लेन्सचा. फेजमध्येही नाहीत, तर बहुधा पेशी उपाशी आहेत. थेट पाचव्या तपासणीवर जा. एक सावधगिरी: अगदी लहान थेंब १०० नॅनोमीटरच्याही खाली असतात आणि साध्या प्रकाशात ते सुटून जातात. त्यामुळे "फेजमध्ये नाही" याचा अर्थ "मोठे नाहीत" एवढाच घ्या.

दोन: डाय न घातलेली एक डिश, आणि डिशचा तळ

प्रत्येक वेळी एक डिश डायशिवाय ठेवा. त्याच लेझरवर, त्याच गेनवर तिचा फोटो घ्या. पेशीत फ्लॅविन असतात, जुन्या पेशीत लिपोफ्युसिन असतं, मीडियममध्ये, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवात, रायबोफ्लेविन आणि फिनॉल रेड असतं. हे सगळं हिरव्या चॅनलमध्ये थोडंफार चमकतं. डाय नसलेल्या डिशमध्येही तेवढंच धुकं असेल तर तुमचा डाय निर्दोष आहे. फिनॉल रेड नसलेलं मीडियम वापरा आणि पुन्हा बघा.

मग डिश उलटी करून तळ बघा. प्लॅस्टिकचा आहे का? साध्या कल्चर डिशचा प्लॅस्टिक तळ साधारण एक मिलिमीटर जाड असतो. ६३ किंवा १०० पटींचे तेलाचे ऑब्जेक्टिव्ह ०.१७ मिलिमीटर काचेसाठी बनवलेले असतात आणि त्यांचं फोकसचं अंतर मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाएवढंच असतं. प्लॅस्टिकच्या तळातून ते पेशीपर्यंत पोचतच नाहीत. काही जण तरीही लेन्स वर-वर नेत राहतात आणि ती तळाला टेकते. असं करू नका. लेन्सची किंमत तुमच्या वर्षभराच्या फेलोशिपपेक्षा जास्त असू शकते. काचेच्या तळाची डिश घ्या, कव्हरस्लिप १.५ नंबरची.

लेन्सवर आधीच्या माणसाचं ग्लिसरॉल किंवा पीबीएस (क्षारांचं धुण्याचं द्रावण) राहिलेलं असेल तर तेलाशी त्याचं मिश्रण होऊन सगळं दुधाळ दिसतं. लेन्स पेपरने, फक्त लेन्स पेपरने, हलक्या हाताने टिपून घ्या. सहाव्या लक्षणातले "एकाचे दोन" पुष्कळदा इथेच बरे होतात.

तीन: नाईल रेडवाल्यांनी फिल्टर बदलून बघा

नाव "रेड" म्हणून मुलं लाल फिल्टर लावतात. तिथेच घात होतो. नाईल रेडचा रंग तो कशात विरघळला आहे त्यावर बदलतो. पाण्यात तो जवळजवळ विझलेला असतो, चरबीच्या थेंबात पिवळा-सोनेरी चमकतो, आणि फॉस्फोलिपिडच्या पटलांत लाल. ग्रीनस्पॅन, मेयर आणि फाउलर यांनी १९८५ मध्ये हा डाय थेंबांसाठी वापरून दाखवला तेव्हाच हे स्पष्ट सांगितलं होतं: ४५० ते ५०० नॅनोमीटरने उद्दीपित करून ५२८ च्या पुढचा पिवळा-सोनेरी प्रकाश घेतला तर थेंब वेगळे उठून दिसतात, ५१५ ते ५६० ने उद्दीपित करून ५९० च्या पुढचा लाल प्रकाश घेतला तर ते वेगळेपण कमी होतं.

म्हणून लाल चॅनलमध्ये धुकं आलं तर डाय बदलायच्या आधी फिल्टर बदला. ४८८ चा लेझर लावा आणि डिटेक्टरची खिडकी साधारण ५३० ते ५८० वर आणा. त्याच डिशमध्ये, त्याच पेशीत, धुक्यातून थेंब वर येताना दिसतात. इतका झटपट सुटणारा बिघाड या यादीत दुसरा नाही.

यामुळेच नाईल रेडबरोबर जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन वापरणं मात्र अवघड होतं. तसा प्रयोग असेल तर सुरुवातीलाच दूरच्या लाल पट्ट्यातला डाय निवडा.

चार: डायची बाटली आणि पातळ करण्याची पद्धत

आता फ्रीजरकडे वळा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण दुसऱ्या लक्षणाचं मूळ जवळजवळ नेहमी इथे सापडतं.

स्टॉक, म्हणजे डायचं दाट मूळ द्रावण, डीएमएसओ या द्रावकात असतो. डीएमएसओ १८.५ अंशांना गोठतो. म्हणजे उणे वीसमधून काढलेली ट्यूब वातानुकूलित खोलीत बराच वेळ अर्धवट गोठलेलीच राहते. ट्यूब उजेडाकडे धरून तिरकी करा: वरचा थर वाहतो आणि तळाशी काचेसारखा गोळा तसाच बसलेला असतो. त्या वरच्या थरातून पिपेट भरलं तर वहीत लिहिलेली तीव्रता आणि खरी तीव्रता यांचा संबंध उरत नाही. ट्यूब हातात धरून पूर्ण वितळवा, हलवा, थोडी फिरवून घ्या, मगच उघडा. थंड ट्यूब लगेच उघडली तर आत दव धरतं. डीएमएसओ हवेतलं पाणी पटापट ओढतो आणि पाणी शिरलं की डाय बाहेर पडायला लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे या तक्रारी वाढतात, त्याचं कारण मला तरी हेच वाटतं. स्टॉक छोट्या ट्यूबांत वाटून ठेवा, फॉइलमध्ये गुंडाळा, एक ट्यूब दोन-तीनदापेक्षा जास्त वितळवू नका.

मग आकडेमोड. बोडिपी ४९३/५०३ चा रेणुभार २६२ आहे. एक मिलिलिटरला एक मिलिग्रॅम असा स्टॉक म्हणजे ३.८ मिलिमोलर. आपल्याला हवेत साधारण २ मायक्रोमोलर, म्हणजे एक मिलिलिटर मीडियमला अर्धा मायक्रोलिटर. अर्धा मायक्रोलिटर हाताने अचूक घेता येत नाही. पिपेटच्या टोकाला बाहेरून चिकटलेलाच तेवढा असतो. म्हणून मधला टप्पा करा: १० मायक्रोलिटर स्टॉक ९० मायक्रोलिटर डीएमएसओमध्ये, आणि त्यातले ५ मायक्रोलिटर एक मिलिलिटरला. डीएमएसओ अर्धा टक्का होतो, पंधरा-वीस मिनिटांसाठी पेशी तो सोसतात. नियंत्रण डिशमध्येही तेवढाच डीएमएसओ घालायला विसरू नका.

डाय थेट डिशमध्ये पेशींवर टाकू नका. जिथे तो थेंब पडतो तिथे क्षणभर तीव्रता कितीतरी पट होते आणि डाय कण बनून खाली बसतो. तेच ते काचेवरचे वेडेवाकडे ठिपके. वेगळ्या ट्यूबमध्ये कोमट मीडियम घ्या, ते फिरत असताना डाय सोडा, लगेच पेशींवर घाला. करून ठेवलेलं द्रावण तासभराने वापरू नका. डाय प्लॅस्टिकच्या भिंतीलाही चिकटतो आणि कणही धरतात. कण दिसलेच तर गाळू नका, कारण फिल्टरच्या पडद्यावर डायही अडकतो. सेंट्रिफ्यूजमध्ये जोरात फिरवून वरचं द्रावण घ्या.

कण की थेंब हे ओळखायची सोपी खूण: फोकस काचेच्या पातळीवर आणा, जिथे पेशी नाही अशा जागी. तिथे ठिपके असतील तर ते कण. खरा थेंब गोल असतो आणि पेशीच्या आत, फेजमधल्या मण्याच्या जागीच असतो. दोन्ही चित्रं एकावर एक ठेवा.

हे सगळं नीट असेल तर एक छोटा प्रयोग करा: ०.५, १, २ आणि ५ मायक्रोमोलर, चार डिश, तोच वेळ. ज्यात थेंब आणि पेशीद्रव यांतला फरक सगळ्यात जास्त तो आकडा तुमचा. सगळ्यात लख्ख दिसणारा आकडा घेऊ नका. माझ्या अनुभवात कमी आकडाच जिंकतो.

पाच: सीरम, धुणं, आणि पेशींचं पोट

डाय घालताना मीडियममध्ये सीरम होतं का? सीरममध्ये अल्ब्युमिन असतं, लिपोप्रोटीन असतात, आणि दोघंही डाय पकडून ठेवतात. मग पेशीपर्यंत किती पोचला याचा भरवसा नाही, आणि पार्श्वभूमीही चमकते. सीरम नसलेल्या मीडियममध्ये ३७ अंशांना १५ ते ३० मिनिटं, मग कोमट पीबीएसने दोनदा धुणं, मग फिनॉल रेड नसलेलं मीडियम. थंड पीबीएस वापरू नका, पेशी आकसतात. आणि डाय देण्याच्या नादात पेशी तासन्‌तास एचबीएसएसमध्ये (क्षारांच्या साध्या द्रावणात) ठेवू नका. उपासमारीत काही पेशी स्वतःचीच पटलं पचवून त्यातल्या फॅटी ॲसिडचे नवे थेंब करतात. मग जे मोजाल ते तुमच्या औषधाचं नसेल, त्या उपासाचं असेल.

आता खरा प्रश्न, पेशींत तेल आहे का? हेला, यूटूओएस, पातळ पेरलेल्या हेपजीटू अशा पेशींत नेहमीच्या मीडियमवर थेंब थोडेच असतात. आणि थेंबांची संख्या फार हलती असते: पेशी दाटल्या, ऑक्सिजन कमी पडला, सीरमचा नवा लॉट आला, तरी बदलते. म्हणून दोन नियंत्रणं हवीतच.

एक भरलेली डिश: ओलिक ॲसिड २०० ते ४०० मायक्रोमोलर, फॅटी ॲसिड नसलेल्या बीएसएला (गाईच्या अल्ब्युमिनला) बांधून, रात्रभर. दुसरी रिकामी डिश: तेच ओलिक ॲसिड, सोबत ट्रायॅक्सिन सी. ते फॅटी ॲसिडला कोएन्झाइम ए जोडणारं एन्झाइम अडवतं, त्यामुळे ट्रायग्लिसराइड बनायची पहिलीच पायरी थांबते. भरलेल्या डिशमध्ये थेंब खच्चून आणि रिकामीत जवळजवळ नाहीत, तर तुमची पद्धत चालते आहे आणि मूळ डिशमध्ये जे दिसलं ते खरं आहे, मग ते कितीही थोडं असो. दोन्ही डिश सारख्याच दिसल्या तर तुम्ही थेंब बघतच नव्हता.

बीएसएला बांधणं टाळू नका. मी स्वतः पहिल्या वर्षी घाईत ओलिक ॲसिड नुसतंच मीडियममध्ये ढवळलं होतं. वर तेलाचा तवंग आला, आणि सकाळी अर्ध्या पेशी तळ सोडून तरंगत होत्या. मोकळं फॅटी ॲसिड साबणासारखं पटलांवर काम करतं. एका बीएसएला सहापेक्षा जास्त ओलिक रेणू असं प्रमाण नेऊ नका. आणि ओलिक संपलं म्हणून कपाटातलं पामिटिक घेऊ नका. ते ६३ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे थंड होताच गुठळ्या धरतं, आणि एकटं दिलं तर अनेक पेशींना ते विषारी ठरतं. ओलिक थेंबांत सुखाने जाऊन बसतं, पामिटिक तितकं जात नाही.

३टी३-एल१ पेशींवर, म्हणजे औषधं देऊन ज्यांच्या चरबीपेशी बनवतात त्यांवर, काम करणाऱ्यांसाठी वेगळं सांगते: आयबीएमएक्स, डेक्सामेथासोन आणि इन्शुलिन देऊन आठ-दहा दिवस झाले नसतील तर थेंबांची अपेक्षाच करू नका. आणि भरलेल्या पेशी तळाला सैल धरतात. धुताना पिपेट डिशच्या भिंतीला टेकवून सोडा, नाहीतर सगळ्यात चांगल्या भरलेल्या पेशीच वाहून जातात आणि उरतात त्या न भरलेल्या. तेच फोटोत येतं.

सहा: दुसरा रंग वापरताय का?

पाचवं लक्षण असेल तर इथे थांबून एकच गोष्ट करा. फक्त बोडिपी दिलेली डिश घ्या, लाल डाय अजिबात नाही, आणि लाल चॅनलचा फोटो नेहमीच्या सेटिंगवर घ्या. थेंब दिसले? मग तुमचं को-लोकलायझेशन, म्हणजे दोन रंग एकाच जागी असल्याचा निष्कर्ष, गेलं.

कारण असं की बोडिपीचे रेणू खूप दाटीने बसले की जोड्या करतात आणि त्या जोड्यांचा प्रकाश लालकडे सरकतो. थेंब म्हणजे तर दाटीचीच जागा. वर हिरव्या प्रकाशाची शेपटीही लाल खिडकीत शिरते. एका पीएचडीच्या मुलाला हे सांगताना माझा जीव खालीवर झाला होता. सहा महिन्यांच्या आकृत्या त्याने प्रामाणिकपणे केल्या होत्या आणि फक्त ही एक डिश केली नव्हती. त्याने सगळं पुन्हा केलं. या वेळी डायची तीव्रता कमी करून, दोन्ही चॅनल एकामागून एक घेऊन, आणि जोडीदार डाय दूरच्या लाल पट्ट्यातला निवडून.

केंद्रकासाठी हेक्स्ट हा निळा डाय वापरत असाल तर हिरवा फोटो आधी घ्या, निळा नंतर. अतिनील प्रकाशात हेक्स्टचा काही भाग बदलून हिरवा चमकायला लागतो.

सात: प्रकाश, उष्णता आणि हलणारे थेंब

चौथ्या लक्षणासाठी एक फार सोपी परीक्षा आहे. प्रयोग संपला की त्याच डिशमधल्या अशा जागी जा जिथे लेझर पडलाच नव्हता. तिथल्या पेशी ठणठणीत आणि तुमच्या फ्रेममधल्या आजारी, तर दोष प्रकाशाचा. लेझर कमी करा, फोटोंमधलं अंतर वाढवा, झेड-स्टॅकचे (वेगवेगळ्या खोलीवर घेतलेल्या फोटोंचे) थर निम्मे करा. प्रकाशामुळे होणारं ऑक्सिडेशन लिपिडलाच आधी गाठतं, त्यामुळे इथे इतर कामांपेक्षा जास्त जपावं लागतं. सगळीकडेच पेशी आजारी असतील तर कार्बन डायऑक्साइड, तापमान आणि डायची तीव्रता पुन्हा बघा.

थेंब फिके होत असतील आणि पेशी मात्र धडधाकट असेल तर डाय बाहेर जातोय किंवा विझतोय. डाय कशालाच बांधलेला नसल्याने तो थेंबांमध्ये आणि पेशींमध्ये इकडून तिकडे जातो. म्हणूनच "हा थेंब त्या पेशीतून या पेशीत गेला" असे निष्कर्ष या डायवर काढू नका.

शेपटीवाले थेंब मात्र कधीकधी अगदी खरे असतात. थेंब सूक्ष्मनलिकांवरून मोटर प्रथिनांच्या जोरावर धावतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या रूप मल्लिक यांच्या गटाने २०१७ मध्ये यकृताच्या पेशींत दाखवलं की कायनेसिन हे मोटर प्रथिन थेंबांना पेशीच्या कडेकडे ओढून नेतं, आणि उपवासात थेंबांवरचं कायनेसिन कमी होतं. चित्र घ्यायला एक सेकंद लागत असेल तर धावता थेंब रेघ होणारच. स्कॅनचा वेग वाढवा, सरासरी काढणं बंद करा. सगळे थेंब एकाच दिशेला सरकलेले दिसले तर मात्र ते धावत नाहीत, तुमचा स्टेज सरकतोय. उबदार चेंबर सुरू करून किमान अर्धा तास, जमलं तर तासभर, सगळं एका तापमानाला येऊ द्या.

आठ: तरीही शंका असेल तर दुसऱ्या वाटेने खात्री करा

डाय गाभा भरतो, म्हणून भरीव चकती दिसते. थेंबाच्या पदरावर पेरिलिपिन-२ असतं, त्याचं कडं दिसतं. चकतीभोवती कडं दिसलं की तो थेंब, यात वाद उरत नाही. जीएफपी जोडलेलं पेरिलिपिन-२ वापरताना लक्षात ठेवा की ते जास्त झालं की थेंबांची चरबी तुटायची थांबते आणि थेंबच वाढतात. त्यामुळे ते ओळख पटवायला वापरा, मोजणीला नको.

अँटिबॉडी वापरायची तर पेशी स्थिर कराव्या लागतात. पॅराफॉर्मल्डिहाइड चालेल. मिथेनॉल, ॲसिटोन नको. थेंब एकमेकांत मिसळतात. पटलाला भोकं पाडायला ट्रायटनऐवजी सॅपोनिन घ्या, आणि त्याची भोकं पुन्हा मिटतात म्हणून ते प्रत्येक द्रावणात, धुण्याच्याही, ठेवा. फोटो त्याच दिवशी घ्या.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

फ्लुओरेसंट मण्यांची नमुना स्लाइडही अंधुक किंवा दुहेरी दिसत असेल, तर तुमच्या पेशींचा आणि डायचा काही संबंध नाही. हात मागे घ्या आणि मायक्रोस्कोपच्या प्रभारींना सांगा. लेझरचं झाकण उघडणं, आरसे सरकवणं, ऑब्जेक्टिव्हचा पुढचा भाग खोलणं, डिटेक्टर काढून बघणं, यातलं काहीही स्वतः करू नका. ते कंपनीच्या सर्व्हिस इंजिनियरचं काम आहे, आणि लेझरने डोळा जायला निमिषही पुरतं. लेन्समध्ये बुरशीची जाळी दिसली तरी तेच. आतून पुसायचा प्रयत्न करू नका.

जुन्या मायक्रोस्कोपला पाऱ्याचा दिवा असेल आणि तो लुकलुकत असेल तर तासांचा मीटर बघा. शंभर वॅटच्या दिव्याचं आयुष्य साधारण २०० तास धरतात. त्यापुढे ओढू नका. दिवा फुटल्याचा आवाज आला तर मशीन उघडून बघू नका. खोलीतल्या सगळ्यांना बाहेर काढा, दार लावून घ्या, आणि सुरक्षा अधिकाऱ्यांना फोन करा.

हेक्स्टमध्ये केंद्रकाबाहेर बारीक ठिपक्यांची धूळ दिसली, पेशींची वाढ मंदावली, थेंबांची संख्या दर आठवड्याला वेगळी येऊ लागली, तर मायकोप्लाझ्मा या जिवाणूची चाचणी करून घ्या. अहवाल येईपर्यंत त्या पेशी दुसऱ्यांच्या इन्क्युबेटरमध्ये नेऊ नका.

किती चरबी वाढली हा आकडाच हवा असेल तर फ्लुओरेसन्सची तीव्रता दोन औषधांमध्ये ताडून बघण्यावर समाधान मानू नका. पेशींचा अर्क काढून ट्रायग्लिसराइडची जैवरासायनिक चाचणी करा. कोणत्या प्रकारची चरबी हे हवं असेल तर लिपिडॉमिक्स करणाऱ्यांकडे जा. आणि नमुना रुग्णाच्या यकृताचा असेल तर निदान पॅथॉलॉजिस्टच करतील, आपल्या हिरव्या ठिपक्यांवरून नाही.

प्रभारींना किंवा इंजिनियरना बोलवाल तेव्हा चार फोटो तयार ठेवा: मण्यांची स्लाइड, डायशिवायची डिश, ओलिक दिलेली डिश, आणि तुमची बिघडलेली डिश. चारही एकाच लेझरवर, एकाच गेनवर, सेटिंगची फाइल सोबत जोडून.